एका मण्याचा फरक



आपल्या भाषेत रक्ताला मोठा मान आहे. नाते रक्ताचे असते, कष्ट रक्त आटवून होतात, आणि भावकीत तंटा झाला तरी शेवटी ‘रक्ताची ओढ’ म्हणून माणसे एका पंगतीला बसतात. पण हे रक्त आपले कोण आणि परके कोण, हे स्वतः कसे ओळखते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. रक्ताची ही ओळख आपल्या नात्यागोत्यांपेक्षा फार बारीक असते. सख्ख्या भावाचे रक्त ते कधी नाकारते, आणि परमुलखातल्या अनोळखी माणसाचे बिनतक्रार स्वीकारते. ही ओळख पटविणारे जे द्रव्य रक्तात असते त्याला शास्त्रात प्रतिपिंड म्हणतात. आजचे आमचे बोलणे या प्रतिपिंडांविषयी आणि त्यांच्या हातून माणसामाणसांतले जे बारीक भेद उघडकीला आले त्यांविषयी आहे.

रक्तदान शिबिरात आपल्यापैकी पुष्कळांनी एक दृश्य पाहिले असेल. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर किंवा काचेवर रक्ताचे तीन थेंब ठेवतात. एकात निळ्या बाटलीतले, दुसऱ्यात पिवळ्या बाटलीतले आणि तिसऱ्यात पाण्यासारखे स्वच्छ द्रव्य मिसळतात. घटकाभरात एखादा थेंब फाटलेल्या दुधासारखा कणीदार होतो, एखादा तसाच एकसारखा राहतो. निळ्या बाटलीत ‘ए’ ओळखणारे प्रतिपिंड, पिवळीत ‘बी’ ओळखणारे, आणि तिसरीत आर-एच गटातील ‘डी’ ओळखणारे. कणी धरली म्हणजे खूण सापडली. एवढ्यावर आपला गट कार्डावर लिहिला जातो. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० ते १९०१ च्या सुमारास आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांची रक्ते एकमेकांत मिसळून हा खेळ प्रथम मांडला, आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही कणी धरते कशी? रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अंगावर ऋण विद्युत्भार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर सारीत तरंगत राहतात. ‘ए’ आणि ‘बी’ ओळखणारी नेहमीची प्रतिपिंडे आकाराने मोठी, दहा हातांची असतात. एक हात या पेशीवर, दुसरा त्या पेशीवर असे धरून ती पेशींचा घोळका बांधतात. पण सगळीच प्रतिपिंडे अशी दांडगी नसतात. पुष्कळांना दोनच हात असतात आणि त्यांची झेप दोन पेशींमधले अंतर ओलांडण्याइतकी नसते. ती पेशीवर जाऊन बसतात, पण कणी काही धरत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते, सर्व ठीक आहे! १९४५ साली इंग्लंडात कूम्ब्स, मूरांट आणि रेस या तिघांनी यावर तोड काढली. माणसाची ही प्रतिपिंडे सशाला टोचली की ससा त्यांच्याविरुद्ध आपली प्रतिपिंडे तयार करतो. ती या गुपचूप बसलेल्या प्रतिपिंडांना पकडून पेशी एकत्र आणतात. चोराला धरायला आधी चोराच्या पाठीवर बसणारा हवा, तसेच हे! ही कूम्ब्सची तपासणी सापडली आणि तोवर नुसते सीरम पाहून न दिसणारे कितीतरी भेद दिसू लागले. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी. प्रतिपिंडे त्यातच असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा शर्करेच्या आहेत. आपल्या मुंबईचे नाव जगभर गेले ते ज्या ‘बॉम्बे’ रक्तगटाने, तोही शर्करेचाच. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो जाहीर केला. ज्या पायावर ‘ए’ आणि ‘बी’ उभे राहतात तो ‘एच’ नावाचा पायाच या माणसांत नसतो, म्हणून त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. हा इतिहास आता शाळकरी मुलांच्या पुस्तकांतूनही येतो. परंतु त्याच भाटियांच्या हातून एकवीस वर्षांनी दुसरा एक शोध लागला. तो फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. कारण तो प्रथिनातल्या भेदाचा आहे.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस जातींचे, त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. शेकडो मण्यांची ही माळ दुमडून, वळून तिचा एक ठरावीक आकार होतो. अशी हजारो प्रथिने पेशीच्या अंगावर बाहेर डोके काढून बसलेली असतात. तुमच्या आणि आमच्या पेशींवरच्या माळा जवळजवळ सारख्याच. मात्र एखाद्या जागी तुमच्याकडे एक मणी आणि आमच्याकडे दुसरा असतो. एका मण्याने काय होते, हे विदर्भाला सांगायला नको. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आहे, एवढाच फरक. पण तेवढ्याने पेशी विळ्यासारखी वाकते आणि लेकरू सांधे धरून रात्ररात्र रडते. मध्य भारतातल्या या दोषाची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. हल्ली बोटातल्या थेंबभर रक्तावर पट्टीने सिकलसेल ओळखता येतो. त्यातल्या काही पट्ट्यांवर काम करतात ती हा एकच मणी ओळखणारी प्रतिपिंडे होत. हिमोग्लोबिन मात्र पेशीच्या पोटात असते. आज आम्हांला बोलायचे आहे ते पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांविषयी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईस रक्तगटांचे एक संदर्भकेंद्र उघडले. आज परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे ती त्याचेच वाढलेले रूप. न जुळणारी, न उलगडणारी रक्ते अशा केंद्राकडे येतात. काम चिकाटीचे. एखाद्या रुग्णाच्या सीरममध्ये अनोळखी प्रतिपिंड आढळले की ज्यांच्या सर्व खुणा आधी ठाऊक आहेत अशा अनेक माणसांच्या पेशींवर ते लावून पाहायचे. कोणावर कणी धरते, कोणावर नाही, याचा तक्ता मांडायचा. तो तक्ता आधीच्या कोणत्याच गटाशी जुळला नाही तर रुग्णाच्या घरच्यांची रक्ते तपासून ती खूण आईबापांकडून मुलांत उतरते का ते पाहायचे. या रीतीने बदाकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली एक नवी खूण जाहीर केली. इंडिया या शब्दाची पहिली दोन अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले ‘इन-ए’. पुढे १९७५ साली लंडनच्या गाइल्स यांनी दाखविले की ठाऊक असलेले दुसरे एक सीरम हिची जोडीदार खूण ओळखते. ती ‘इन-बी’. नाण्याच्या दोन बाजू म्हणा. वारशाच्या प्रत्येक प्रतीवर दोहोंपैकी एकच.

मुंबईच्या तपासणीत सुमारे शंभरांत चारांवर ‘इन-ए’ सापडली. युरोपातल्या लोकांत ती जवळजवळ नाही. यावरून कोणी समजेल की ही खास भारतीय रक्ताची निशाणी. पण पुढे इराणी लोक तपासले तर शंभरांत दहाहून अधिक, आणि अरब तपासले तर जवळजवळ बारा! म्हणजे ‘भारतीय’ नावाची खूण भारतीयांपेक्षा अरबांत तिप्पट. नाव पडले ते जिथे सापडली त्या गावाचे, मालकाचे नव्हे. रक्तगटांवरून वंश आणि कूळ काढू पाहणारे लोक गेल्या शतकात पुष्कळ होऊन गेले, आणि युरोपात त्यांनी अनर्थही केला. त्यांच्या हाती हा तक्ता द्यायला हवा होता.

ही खूण आहे तरी कशाची? पहिला कौल दिला पपईने. कच्च्या पपईच्या चिकात प्रथिने कापणारे पपेन नावाचे द्रव्य असते. मांस शिजवताना आपल्या सुगरणी पपईचा तुकडा टाकतात तो त्याचसाठी. पपेनने पेशी धुतल्या तर आर-एचच्या खुणा उलट अधिक ठळक होतात, पण ‘इन’च्या खुणा साफ जातात. तेव्हा ही खूण पेशीबाहेर डोकावणाऱ्या, कापल्या जाणाऱ्या प्रथिनावर असली पाहिजे. १९८८ साली इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी ते प्रथिन धरून दाखविले. ते निघाले सीडी-४४, आणि १९९६ साली अमेरिकेत फरकाची नेमकी जागा सापडली. माळेतला सेहेचाळिसावा मणी ‘इन-बी’मध्ये आर्जिनीन, ‘इन-ए’मध्ये प्रोलीन. आर्जिनीनवर धन विद्युत्भार असतो, प्रोलीनवर नसतो. शिवाय प्रोलीन आला की माळेला तेथे बाक येतो. म्हणजे मुंबईच्या तपासनिसांनी काचनळीत नुसती कणी पाहून जो भेद नोंदला होता तो शेकडो मण्यांतल्या एका मण्याचा होता, आणि मणी कोणता हे कळायला आणखी तेवीस वर्षे जावी लागली. आपल्या बाजारपेठेत कापसाचा जाणता पारखी चिमटीत बोंडाचा पेळू घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ताणतो आणि धागा किती लांब ते सांगतो. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. प्रतिपिंडाचेही असेच. त्याला मण्यांची नावे ठाऊक नसतात. त्याला उंचवटा आणि खाच तेवढी कळते.

हे सीडी-४४ तांबड्या पेशींपुरते नाही. पांढऱ्या पेशी, त्वचा, आतडी, जवळपास सगळीकडे ते आहे, आणि पेशींना भोवतालच्या पदार्थाला धरून राहण्यास मदत करते. ‘सीडी’ ही यादीच प्रतिपिंडांनी तयार झाली आहे. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड करणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा संकर घडवून एकाच साच्यातले प्रतिपिंड हवे तितके काढण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी जगातल्या प्रयोगशाळा पूर्वी रक्त घेतलेल्या रुग्णांच्या आणि अनेक बाळंतपणे झालेल्या मातांच्या सीरमवर चालत, आणि ते थेंब टपालाने देशोदेशी जात. आज चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे पेशींना चिकटवून त्या पेशी एका रांगेत प्रकाशझोतासमोरून सोडतात, आणि यंत्र एकेक मोजते. एच. आय. व्ही.च्या रुग्णांची ‘सीडी-४’ मोजणी होते ती हीच. काही ठिकाणी तर एकाच प्रथिनाची दोन रूपे वेगळी ओळखता येतात: सीडी-४५ चे एक रूप ज्या पेशींनी अजून शत्रू पाहिला नाही त्यांच्यावर, दुसरे ज्यांनी पाहून लक्षात ठेवला त्यांच्यावर. सैन्यातला नवा रंगरूट आणि जुना जवान गणवेशावरून ओळखावा तसे.

या सामर्थ्याचा मोह होणे स्वाभाविक होते. १९९१ साली असे दिसले की सीडी-४४ चे एक लांब रूप उंदरांतल्या कर्करोगाला पसरायला मदत करते. मग त्या रूपावर नेम धरणारे प्रतिपिंड करून त्याला विष जोडले आणि माणसांवर चाचणी घेतली. पण तेच रूप निरोगी त्वचेवरही असते. एका रुग्णाची त्वचा जळाल्यासारखी होऊन तो दगावला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ती चाचणी थांबविण्यात आली. प्रतिपिंड खूण ओळखते. खूण कोणाच्या अंगावर आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या कार्डावर लिहिलेले ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे आर-एच गटातले ‘डी’ हे प्रथिन आहे की नाही एवढेच. भारतात शंभरांतल्या पाचसहा जणांत ते नसते, युरोपात पंधरांत. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, अशा वेळी आईच्या रक्तात ‘डी’विरुद्ध प्रतिपिंडे होतात आणि पुढच्या बाळाच्या पेशी फोडतात, हे १९३९-४० पासून माहीत आहे. १९६८ पासून बाळंतपणानंतर बहात्तर तासांत द्यायची सुई मिळू लागली आणि असंख्य लेकरे वाचली. पण आहे-नाही एवढ्याने काम भागत नाही. काही थोड्या माणसांत ‘डी’ असते, पण अपुरे: माळेचा एक तुकडा भलताच. एक प्रतिपिंड राहिलेल्या भागाला ओळखून म्हणते, आहे. दुसरे नेमक्या गळलेल्या भागाकडे पाहून म्हणते, नाही. खरे कोणाचे?

दोघांचेही, आणि वैद्यकाने या पेचातून जी वाट काढली ती आम्हांला फार शहाणपणाची वाटते. अशी स्त्री रक्त द्यायला आली तर तिला पॉझिटिव्ह समजावे. कारण तिच्या पेशींवर जेवढे ‘डी’ आहे तेवढे एखाद्या निगेटिव्ह रुग्णाला बिथरवायला पुरेसे आहे. तीच स्त्री रक्त घ्यायला आली, किंवा गरोदर असली, तर तिला निगेटिव्ह समजावे; कारण पुरे ‘डी’ तिच्या अंगाला परके आहे. म्हणून अनेक देशांत रुग्णांच्या तपासणीसाठी अशी प्रतिपिंडे मुद्दाम निवडतात की ज्यांना या अपुऱ्या ‘डी’चा मुख्य प्रकार दिसूच नये. तेव्हा एखाद्या लेकीच्या दोन कार्डांवर दोन वेगळे गट आले तर दरवेळी तपासणाऱ्याला बोल लावू नये. दोन्ही कार्डे घेऊन रक्तपेढीत जावे आणि विचारावे.

आणि ‘डी’ ही तर एकच खूण झाली. आर-एचमध्येच सी आणि ई यांच्या जोड्या आहेत. ई-जोडीत भेद आहे तो दोनशे सव्विसाव्या जागी ॲलानीन की प्रोलीन एवढाच. केल, डफी, किड असे कितीतरी गट पुढे आहेत. शिबिरातल्या तीन बाटल्यांना यांतले एकही दिसत नाही. एकदोनदा रक्त घेणाऱ्याला त्याने सहसा अपाय होत नाही, ही गोष्ट खरी, आणि त्यासाठी कोणी रक्त घेण्याचे भय धरू नये. प्रश्न आहे तो ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागते त्यांचा: सिकलसेलची आणि थॅलसेमियाची मुले. दर बाटलीगणिक नवी परकी खूण अंगात जाते, आणि कधीतरी शरीर प्रतिपिंड करू लागते. मग दात्यांमागून दाते तपासूनही रक्त जुळत नाही. अशा मुलांसाठी सुरुवातीलाच सी, ई आणि केल या खुणा पाहून जुळते रक्त द्यावे, हे जगभर मान्य झालेले आहे. पण ते सर्वत्र होत नाही. प्रतिपिंडांच्या बाटल्यांना पैसे लागतात, हे कारण सांगतात. पुढच्या अडचणीतल्या शोधाशोधीला लागणारे पैसे त्याहून कमी नसतात, एवढे आम्ही नम्रपणे सुचवू.

‘इन’चेच उदाहरण घेऊन हिशेब करून पाहा. शंभरांत चारांवर ‘इन-ए’ असेल तर आईबाप दोघांकडून तीच आली आणि ‘इन-बी’ मुळीच नाही, अशी माणसे दहा हजारांत सुमारे चार निघतील. मोठ्या गावातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. अशा माणसाच्या अंगात ‘इन-बी’विरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, तर त्याला देण्याजोगे रक्त याच चौघांत. ते चौघे आपण तसे आहोत हे जाणत नाहीत. कारण त्यांना कोणी तपासलेलेच नाही. पहिली आशा सख्ख्या भावंडांत, कारण चौघांत एकाला तोच वारसा मिळण्याचा संभव असतो. परळच्या संस्थेने अशा दुर्मीळ दात्यांची नोंदवही ठेवली आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या एका बाईंच्या वाट्याला तर याहून कठीण प्रसंग आला. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते, आणि त्यांच्या सीरमने प्रत्येक दात्याचे रक्त नाकारले. घरच्या वीस जणांचे रक्त तपासले, एकाचेही जुळले नाही. डॉक्टरांनी परक्या रक्ताशिवाय शस्त्रक्रिया पार पाडली. बंगळूरच्या रक्तकेंद्राने नमुने इंग्लंडात ब्रिस्टलला धाडले, आणि जून २०२५ मध्ये जाहीर झाले की सीडी-५५ या प्रथिनावरची, तोवर जगात कोठेच नोंदली न गेलेली खूण त्यांच्यात नाही. एका बाईच्या सीरमने ते प्रथिन जगाला नव्याने दाखविले. बाईंना मात्र रक्त मिळाले नाही.

एक शेवटची गोष्ट सांगतो, आणि ती घरी सिकलसेलचे मूल असलेल्यांनी नीट ऐकावी. प्रतिपिंडे कायम दिसत राहत नाहीत. काही महिन्यांनी, वर्षांनी सीरममधले त्यांचे प्रमाण इतके उतरते की तपासणीत काहीच आढळत नाही. पण शरीराची आठवण जात नाही. पुन्हा तीच परकी खूण रक्तातून आली की तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही प्रतिपिंडे उसळतात आणि दिलेले रक्त फुटू लागते. मुलाला ताप येतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट होते, हातपाय दुखतात. घरच्यांना वाटते, सिकलसेलचाच झटका. कधी डॉक्टरांनाही तसेच वाटते, आणि आणखी एक बाटली चढते. तेव्हा कोणत्याही रुग्णालयाने कधीकाळी ‘रक्तात प्रतिपिंड आढळले’ अशी चिठ्ठी दिली असेल, त्यावर केल, ई, सी, काहीही अक्षर असेल, आणि पुढच्या तपासणीत ‘काही नाही’ असे आले, तरी ती पहिली चिठ्ठी टाकून देऊ नये. ती रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि यवतमाळला जा, अमरावतीला जा, नागपूरला जा, रक्त चढविण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्यावी.